‘बाई, अधिक करू की वजा?’



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी जन्मभर पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवत राहिले. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय निवडायचा तर तो लहान मुलांच्या पाटीवरचाच असायला हवा, असं मला वाटलं. म्हणून मी आज शाब्दिक उदाहरणांविषयी बोलणार आहे. तिसरी-चौथीतलं मूल बेरीज बिनचूक करतं, वजाबाकीत दशक मोकळा करून उसना घेतं, सातापर्यंतचे पाढे धडाधडा म्हणतं. आणि तेच मूल चार ओळींच्या उदाहरणापाशी आलं की अडून बसतं. घरात आई किंवा बाबा शेजारी बसलेले असतात. त्यांनाही कळत नाही की पोराला येतंय सगळं, मग अडतंय कुठं?

मी प्राथमिक शाळेत शिकवत असताना एक प्रश्न इतक्या मुलांनी इतक्या वेळा विचारला की तो वर्गाच्या भिंतींनाही पाठ झाला असेल. उदाहरण वाचून होतं न होतं तोच हात वर यायचा : ‘बाई, अधिक करू की वजा?’ हाच प्रश्न चौथीत गेल्यावर ‘गुणायचं की भागायचं?’ असा होतो. घरी तो आईला विचारला जातो आणि आई बिचारी हातातलं काम न सोडता सांगून टाकते, ‘वजा कर.’ मूल वजा करतं, उत्तर बरोबर येतं, दोघंही सुटल्यासारखी होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या क्षणी आपण ‘वजा कर’ म्हणतो, त्या क्षणी उदाहरणातलं गणित आपण स्वतः करून टाकलेलं असतं. मुलाच्या वाट्याला उरते ती आकडेमोड, आणि ती तर त्याला आधीपासूनच येत होती.

या प्रश्नाच्या मुळाशी काय आहे ते बघायचं तर फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातला एक प्रयोग आठवतो. १९७९च्या सुमारास तिथल्या गणित-शिक्षणाच्या संस्थेतल्या मंडळींनी सात-आठ वर्षांच्या मुलांना एक उदाहरण घातलं. बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी त्यातल्याच आकड्यांवरून उत्तर काढून दिलं. छत्तीस. पुढं स्टेला बारुक यांनी याच प्रश्नावरून एका पुस्तकाला नाव दिलं आणि हा ‘कप्तानाच्या वयाचा’ प्रश्न जगभर गाजला. पुष्कळांनी तो ऐकून मुलांच्या अकलेविषयी हळहळ व्यक्त केली. मला ते पटत नाही. ती मुलं अतिशय शहाणी होती. शाळेत घातलेल्या उदाहरणाला उत्तर असतंच, त्यातले सगळे आकडे वापरायचेच असतात, आणि आत्ता जो धडा चालू असेल तीच क्रिया करायची असते, हे शाळेनंच त्यांना न बोलता शिकवलं होतं. छत्तीस हा आकडा कप्तानाच्या वयाला शोभतोसुद्धा. मुलांनी शाळेचा नियम नीट ओळखला होता. नियमच वाईट होता.

हा नियम आपल्याकडे बाजारातल्या मार्गदर्शकांनी छापून ठेवलेला आहे. ‘एकूण, मिळून, सर्व’ दिसलं की बेरीज. ‘उरले, शिल्लक, कमी, फरक’ दिसलं की वजाबाकी. ‘प्रत्येकी’ दिसलं की गुणाकार किंवा भागाकार. पालकांना ही यादी फार सोयीची वाटते, कारण तिच्यामुळं आठवड्याभरात गुण वाढतात. ही यादी मुलाला उदाहरण न वाचता सोडवायला शिकवते, म्हणून मी तिच्या विरुद्ध आहे. ती किती दिवस पुरते ते एका मुलीच्या वहीवरून सांगते.

तिसरीतली मुलगी. उदाहरण असं होतं : सईकडे काही मणी होते. दादाने तिला आणखी ८ मणी दिले. आता तिच्याकडे २३ मणी आहेत. तर आधी तिच्याकडे किती मणी होते? मुलीनं ‘आणखी’ आणि ‘दिले’ वाचलं, २३ खाली ८ लिहिले, हातचा घेतला आणि ३१ लिहून मोकळी झाली. अक्षर सुरेख, बेरीज बरोबर. मी तिला चूक म्हटलं नाही आणि बरोबरही म्हटलं नाही. उदाहरणातल्या दोन्ही आकड्यांवर दोन बोटं ठेवली आणि म्हटलं, ‘आता मला गोष्ट सांग. आकडे सांगायचे नाहीत.’ ती थोडी गोंधळली, मग म्हणाली, ‘सईकडे मणी होते. दादानं आणखी दिले. मग जास्त झाले.’ मी विचारलं, ‘मग जास्त कधी होते? आधी की आता?’ ‘आता.’ मी एक बोट उचललं. ‘आता किती आहेत?’ ‘तेवीस.’ आणि ती थांबली. तिची नजर स्वतःच्या ३१ वर गेली. मी काही बोलायच्या आत तिनं खोडरबर शोधायला दप्तर उघडलं होतं.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. खोडल्यावर तिनं वजाबाकी मांडलीच नाही. आठाच्या पुढं बोटांवर मोजत गेली. नऊ, दहा, अकरा असं करत तेवीसपर्यंत पोचली आणि म्हणाली, ‘पंधरा.’ पुष्कळ शिक्षक इथं म्हणतील, ‘रीत कुठाय? २३ वजा ८ मांड.’ माझा आग्रह आहे की त्या दिवशी तिला ते सांगू नये. कारण गोष्टीत वजा काही झालेलंच नाही. दादानं मणी दिले आहेत, कुणी घेतलेले नाहीत. तिनं गोष्टीला धरून हिशेब केला : आठाला किती जोडले म्हणजे तेवीस होतात? हीच गोष्ट २३ मधून ८ काढूनही सुटते, हा तिच्यासाठी एक शोध आहे, आणि तो तिला आणखी आठ-पंधरा दिवसांनी लागू द्यावा. आधी गोष्ट कळावी, मग तिच्याशी क्रिया जुळावी. आपण घाईनं उलटा क्रम लावतो.

आकडे झाकायची ही युक्ती घरी कुणीही करू शकतं. तिला आणखी एक कारण आहे. मोठा आकडा आला की मुलाचं वाचन तिथं अडखळतं. आपल्या मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही नावं दुसरी-तिसरीतल्या मुलांना खरोखरच जड जातात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचनाची ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोडपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आपल्याला आठवत असेल. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या, आणि ज्यांनी आयुष्यभर गणित सोपं करून सांगितलं त्या बाईंना त्या वेळी पुष्कळ बोलणी खावी लागली. त्या वादात मी आज शिरत नाही. पण त्यांनी बोट ठेवलेली अडचण खरी होती. ७९ हा आकडा मोठ्यानं वाचताना मूल ‘एकोण…’ म्हणून थांबतं, ऐंशी की सत्तर याचा विचार करतं, आणि तोवर वाक्याच्या सुरुवातीला कोण कुणाला काय देत होतं ते त्याच्या हातून निसटतं. म्हणून पहिलं वाचन आकड्यांवाचून. ‘पुष्कळ आंबे’, ‘थोडे नासके’, असं म्हणत गोष्ट पुरी करावी आणि मग आकडे आणावेत.

सगळ्यांत अवघड असतात ती तुलनेची उदाहरणं. मणी दिले, घेतले, सांडले, हरवले, यात काहीतरी घडतं. तुलनेत काहीच घडत नाही. अमितकडे २४ रुपये आहेत. ते नेहाकडच्या रुपयांपेक्षा ६ ने कमी आहेत. नेहाकडे किती रुपये आहेत? ‘कमी’ दिसलं की मूल २४ मधून ६ वजा करतं आणि १८ लिहितं. यादीप्रमाणं त्याचं काही चुकलेलं नाही. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचं १८ येतं, आणि घरी तपासणाऱ्या मोठ्या माणसाचंही एखाद्या वेळी येतं, कारण वाक्य अमितविषयी आहे आणि प्रश्न नेहाविषयी.

अमेरिकेत टॉम हडसन नावाच्या संशोधकाचं या बाबतीतलं एक काम आहे. ते १९८३ साली प्रसिद्ध झालं. त्यानं लहान मुलांना चित्र दाखवलं. पाच पक्षी आणि तीन अळ्या. विचारलं, ‘अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त आहेत?’ पहिलीतल्या मुलांपैकी ६४ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मग तेच चित्र ठेवून त्यानं विचारलं, ‘पक्षी अळ्या खायला झेपावले, प्रत्येकाला एकेक अळी मिळेल का? किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ आता सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. शंभर टक्के. त्याहून लहान, बालवाडीतल्या मुलांत तर पहिल्या प्रश्नाला १७ टक्के आणि दुसऱ्याला ८३ टक्के इतकी तफावत होती. चित्र तेच, आकडे तेच, गणितही तेच. त्या मुलांना पाचातून तीन गेले की दोन हे येत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना ‘कितीने जास्त’ या शब्दांमागचं चित्र दिसत नव्हतं. उपाशी राहिलेले पक्षी मात्र लगेच दिसले.

म्हणून अमित-नेहाच्या उदाहरणात मी मुलांना दोन पट्ट्या काढायला लावते. सिंगापूरच्या शाळांनी १९८०च्या दशकापासून ही पट्ट्यांची पद्धत फार नेटानं वापरली आहे, आणि त्यासाठी कागद-पेन्सिलीपलीकडं काही लागत नाही. एकाखाली एक दोन आडव्या पट्ट्या, डावीकडची कड एकसारखी. पट्टी काढण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : ‘कुणाकडे जास्त आहेत?’ मूल पुन्हा वाचतं. ‘अमितकडचे कमी.’ ‘मग कुणाची पट्टी लांब?’ ‘नेहाची.’ अमितच्या पट्टीत २४ लिहायचे, नेहाची पट्टी जिथं पुढं जाते त्या तुकड्यात ६. आता अधिक की वजा हे विचारायची गरज उरत नाही. पट्टीच सांगते. आणि मुलानं १८ लिहिले असतील तर नेहाची पट्टी आखूड होतेय हे त्याचं त्यालाच दिसतं.

भाषेचा एक मुद्दा इथंच सांगते. तुम्ही-आम्ही ‘प्रत्येकी’, ‘त्यांपैकी’, ‘शिल्लक’, ‘समान’ हे शब्द सहज वापरतो. पण ज्या घरात अहिराणी, पावरी, गोंडी किंवा कोरकू बोलतात, त्या घरातल्या मुलाला हे शब्द पहिल्यांदा भेटतात ते पुस्तकातच. मराठी घरांतसुद्धा आई ‘प्रत्येकी दोन लाडू घ्या’ असं म्हणत नाही. ‘दोन-दोन घ्या’ म्हणते. ‘४ डब्यांत प्रत्येकी ६ लाडू’ असं वाचून मूल दहा म्हणतं तेव्हा ते चार आणि सहा लाडू शेजारी शेजारी ठेवत असतं. त्याला चार डबे काढायला सांगावेत आणि विचारावं, ‘पहिल्या डब्यात किती ठेवशील?’ वहीत सहा ठिपके पडतात. ‘दुसऱ्यात?’ इथं बहुतेक मुलं मान वर करून आपल्याकडं बघतात, कारण तो एक शब्द त्यांना आत्ता कळलेला असतो. शिक्षकांना माझी विनंती आहे, धडा सुरू करण्याआधी असे पाच-सहा शब्द मुलांच्या घरच्या बोलीत काय होतात ते मुलांनाच विचारून फळ्यावर लिहा.

आता शाळेबाहेर जाऊ. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं बंदराचं शहर आहे. तिथल्या रस्त्यांवर नारळ, फळं, मका विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तेरेझिन्हा कॅरहर, डेव्हिड कॅरहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. मुलं पाचच होती, नऊ ते पंधरा वर्षांची. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले आणि हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग त्याच मुलांना त्याच आकड्यांची शाब्दिक उदाहरणं घातली तेव्हा ७४ टक्के, आणि नुसती आकडेमोड कागदावर घातली तेव्हा ३७ टक्के. त्यातला बारा वर्षांचा एक नारळवाला मुलगा माझ्या मनात घर करून आहे. एक नारळ ३५ क्रुझेरोंना. चार नारळांचे किती, असं विचारल्यावर तो तोंडानं हिशेब करतो. तिनाचे एकशे पाच, त्यात तीस, एकशे पस्तीस, आणि वरचे पाच, एकशे चाळीस. अचूक. थोड्या वेळानं त्याला कागदावर ३५ गुणिले ४ घातलं. तो म्हणतो, चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. आणि लिहितो : २००. हातचा कधी मिळवायचा हे विसरला, आणि चार नारळांना दोनशे कसे होतील हे त्याच्या मनात आलंच नाही. रस्त्यावर त्यानं कुणाला दोनशे मागितले नसते.

हे ब्राझीलपुरतं नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची पाहणी केली. ती २०२५ साली ‘नेचर’मध्ये आली. दुकानात किलोचे भाव, सुटे पैसे, परत द्यायची रक्कम यांत ही मुलं तरबेज होती. तशीच गणितं पुस्तकी पद्धतीनं मांडली की बहुतेकांना जमेनात. उलट शाळेत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब नीट करता येईनात. दोन्हीकडं ज्ञान आहे आणि मध्ये पूल नाही. शाब्दिक उदाहरण हा खरं तर तो पूल व्हायला हवा. तिथंच नारळ आणि ३५ एकत्र येतात.

आपल्याकडं हा पूल एके काळी होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळे पाढे तोंडचे होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सव्वा रुपया शेराप्रमाणं सात शेरांचे किती, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला कागद लागत नसे. ते पाढे आता पुन्हा घोकून घ्या असं मी म्हणणार नाही, शेर आणि पायली गेल्यावर त्यांचं कामही संपलं. पण त्यांच्या मागची सवय, म्हणजे आकडा कशाचा आहे हे मनात धरून हिशेब करण्याची सवय, ती जायचं काही कारण नव्हतं. मुलाला भाजी आणायला पाठवा. मोबाईलनं पैसे चुकते करण्याच्या या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी त्याच्या हातात नोट द्या आणि परत किती यायला हवेत हे दुकानात शिरण्याआधी विचारा.

आपल्याकडच्या या जुन्या पुलाविषयी बोलताना मला चाळीसगावजवळच्या पाटणे गावाची आठवण होते. तिथल्या देवळात शिलालेख आहे, तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तेराव्या शतकाच्या आरंभी तिथं मठ स्थापल्याचा त्यात उल्लेख आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेली ‘लीलावती’ ही शाब्दिक उदाहरणांची खाणच आहे. मोर आणि साप, तळ्यातलं कमळ. त्यातलं भुंग्यांचं उदाहरण माझ्या शब्दांत सांगते. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोन हिश्श्यांतल्या फरकाची तिप्पट कुड्याच्या झाडावर. आणि एक भुंगा हवेत घुटमळत राहिला. तर थवा केवढा?

आपण लगेच ‘क्ष’ धरायला जाऊ. भास्कराचार्य तिथं इष्टकर्म सांगतात. मनाला येईल ती सोयीची संख्या धरा आणि गोष्ट चालवून बघा. धरू या तीस. पाचवा हिस्सा सहा, तिसरा हिस्सा दहा, फरक चार, त्याची तिप्पट बारा. सहा, दहा आणि बारा मिळून अठ्ठावीस. म्हणजे उरले दोन. पण उरायला हवा एक, म्हणजे निम्मा. तर थवाही तिसाचा निम्मा, पंधरा. ताळा बघा : तीन, पाच, सहा आणि एक. पंधरा.

चौथी-पाचवीतलं मूल अशीच एखादी संख्या ‘धरून’ बघायला लागलं तर आपण त्याला हटकतो, ‘अंदाजपंचे करू नको.’ हटकू नका. जी रीत भास्कराचार्यांनी सन्मानानं ग्रंथात बसवली ती मुलाला आपोआप सुचली असेल तर तो आनंदाचा दिवस आहे. संख्या धरून गोष्ट चालवायची म्हणजे गोष्ट कळलेली असावी लागते. न कळता अंदाजसुद्धा तपासता येत नाही.

ताळ्याचा विषय निघालाच आहे. जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञानं १९४५ साली उदाहरणं सोडवण्याच्या कलेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यानं चार पायऱ्या सांगितल्या : उदाहरण समजून घ्या, बेत करा, तो पार पाडा, मागं वळून बघा. आपल्या शाळांत तिसरी पायरी तेवढी शिकवली जाते. चौथी तर कुणालाच नको असते, कारण उत्तर आलं की वही मिटायची असते. अमेरिकेत १९८०च्या दशकारंभी झालेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना एक उदाहरण होतं. १,१२८ सैनिक आहेत, एका बसमध्ये ३६ जण मावतात, किती बस लागतील? ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण उत्तर म्हणून ३२ लिहिणारी मुलं २३ टक्केच होती. २९ टक्के मुलांनी लिहिलं, ३१ बस, बाकी १२.

मी हेच आपल्या सहलीवर घालते आणि सोबत आणखी दोन प्रश्न जोडते. १३० मुलं सहलीला निघाली, एका गाडीत ४४ आसनं आहेत, किती गाड्या ठरवायच्या? तीन. माझ्याकडे १३० रुपये आहेत, वही ४४ रुपयांची आहे, किती वह्या येतील? दोन. वह्या घेतल्यावर खिशात काय उरेल? बेचाळीस रुपये. भागाकार तिन्ही वेळा तोच, भागाकार दोन आणि बाकी बेचाळीस. उत्तरं तीन निरनिराळी. ही तीन उदाहरणं एकाखाली एक सोडवल्यावर एक मुलगा मला म्हणाला, ‘बाई, म्हणजे भागाकार झाल्यावरपण विचार करायचा असतो?’ हो, करायचा असतो. उत्तर लिहिताना नुसता आकडा लिहू नये, पूर्ण वाक्य लिहावं, हा जुन्या शिक्षकांचा आग्रह याचसाठी होता. ‘३ गाड्या ठरवाव्या लागतील’ असं वाक्य लिहिणारं मूल ‘बाकी १२ बस’ लिहीत नाही.

मुलाला किती कळलंय हे बघायचं असेल तर उलटी वाट धरा. त्याला ‘७ गुणिले ४’ द्या आणि सांगा, याची गोष्ट तयार कर. चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांकडूनही हमखास येणारं उत्तर असं असतं : एका झाडावर ७ आंबे होते, दुसऱ्या झाडावर ४ आंबे होते, तर गुणाकार किती? हे वाचलं की कळतं की पाढा पाठ आहे आणि गुणाकार अजून भेटलेला नाही. असं मूल सापडलं तर त्याला पुढं दामटू नका. चार माणसांना सात-सात पोळ्या वाढायला बसवा.

वेळेविषयी पालक विचारतात. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत एकेका प्रश्नाला मिनिटभर मिळतं, तिथं गोष्ट सांगत आणि पट्ट्या काढत बसलं तर पेपर कसा पुरा होणार? चिंता योग्य आहे. माझा अनुभव असा की ज्या मुलानं वर्षभर रोज एकच उदाहरण, पण पोटभर, केलं असेल त्याला परीक्षेत पट्टी काढावी लागत नाही. ती त्याला मनात दिसते. रोज वीस उदाहरणं रेटणाऱ्याला ती कधीच दिसत नाही, कारण त्याला थांबून बघायला सवडच मिळालेली नसते. आणि संध्याकाळी आपण दमलेले असू, आवाज चढायला लागला असेल, तर वही मिटून उद्यावर टाकावं. रडत सोडवलेल्या उदाहरणातून मूल गणिताची भीती तेवढी घेऊन उठतं. पेन्सिल मात्र शेवटपर्यंत मुलाच्याच हातात राहू द्या. मोठ्या माणसानं ती घेतली की मूल वहीकडं बघायचं सोडून आपल्या चेहऱ्याकडं बघायला लागतं, आणि आपल्या भुवया वर गेल्या की खोडतं.

व्याख्यानाच्या आधी एका ताई मला भेटल्या. म्हणाल्या, माझे मिस्टर बाहेरगावी कामाला, मी दिवसभर कामावर, घरी फक्त सासूबाई, त्यांना अक्षरओळख नाही. मुलाचा अभ्यास कोण घेणार? मी त्यांना सांगितलं ते इथंही सांगते. सासूबाईच घेतील. त्यांनी नातवाला एवढंच म्हणावं, ‘तू वाच, मी ऐकते.’ तो वाचेल. मग म्हणावं, ‘असं नको, मला कळेल असं सांग. कुणाचे आंबे? किती नासले? मग उरलेल्यांचं त्यानं काय केलं?’ त्यांना वाचता येत नसल्यामुळं नातवाला सगळं सांगावंच लागेल, त्यातून त्याची सुटका नाही. आणि वाचता येणाऱ्या आपल्यासारख्यांची जीभ जशी ‘वजा कर’ म्हणायला वळवळते तशी त्यांची वळवळणार नाही. ४८ आंब्यांतून १३ नासके काढले आणि उरलेले पाच-पाच करून पिशव्यांत भरले, तर किती पिशव्या भरल्या, हे त्या कदाचित त्याच्याआधी सांगून मोकळ्या होतील, कारण त्यांनी जन्मभर आंबे निवडले आहेत. पण त्यांनी उत्तर सांगायची घाई करू नये. जिथं त्यांना गोष्ट कळणार नाही, बहुतेक वेळा तिथंच नातवालाही ती कळलेली नसते. त्या ओळीवर त्याला बोट ठेवायला सांगावं, आणि तेवढी ओळ पुन्हा वाचून घ्यावी.